वहिनीच्या हातातलं चाक

लढाईवरून परत आलेल्या माणसाला तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारलात? खरं सांगा. आमच्या आळीत दादाला जो भेटे तो "आता पुढं काय?" एवढंच विचारी, आणि विचारताना त्याची नजर दादाच्या उजव्या पायावर असे. तुला काय करावंसं वाटतं, हे त्याला कुणी विचारलं नाही.

दादा फौजेत गेला तेव्हा मी शाळेत होते आणि माझ्या दप्तरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त असत. पत्रकं वाचतच मी वाढले. त्यामुळे साहेबाच्या लढाईत आपल्या माणसानं का मरावं, हा सवाल मी त्याला निघायच्या दिवशी ओट्यावर उभी राहून केला होता. तो हसला आणि म्हणाला, "बाई, मरायला कोण जातंय? फटफटी चालवायला मिळते म्हणून जातोय." ते अक्षरशः खरं होतं. फौजेत त्याचं काम फटफटीवरून निरोप पोचवायचं. मग कुठल्याशा वाळूच्या रस्त्यावर एका मालमोटारीनं त्याला उडवलं. हाड जुळलं, पण उजव्या पायाचं पाऊल वर उचलेना आणि बोटांत जाणीव राहिली नाही. कागदावर 'कामास अपात्र' असा शेरा पडला आणि माणूस घरी आला.

घरात आम्ही चौघं. वडील कचेरीतून निवृत्त झालेले, दादा, वहिनी आणि मी. आई मी लहान असतानाच गेली. वहिनीचं लग्न होऊन वर्षही भरलं नव्हतं तोच दादा फौजेत गेला होता. लढाईची सगळी वर्षं तिनं आमचं घर चालवलं. नवरा कसा आहे हे तिला इतरांनी वाचून दाखवलेल्या पत्रांतून कळे, कारण पत्र वडिलांच्या नावानं येई आणि ते ओट्यावर मोठ्यानं वाचत. नवऱ्याबद्दल स्वतःहून काही विचारायची सोय तिला नव्हती. तो परत आल्यावरही वडिलांसमोर ती त्याच्याशी बोलत नसे. काही सांगायचंच झालं तर माझ्याकडे बघून म्हणे, "वन्सं, पान वाढलंय म्हणावं." दादा हाताच्या अंतरावर बसलेला असे. मी निरोप्यासारखी सांगे, "दादा, पान वाढलंय." तो गंभीरपणे म्हणे, "आलो म्हणून सांग."

दादाच्या "पुढं काय"ला दोन उत्तरं होती. एक मामांचं. इंदुरात त्यांची कापडाची पेढी होती. तिथं गादीवर बसून काम करायचं. पाय हलवायला नको. पण मामांच्या घरात जागा बेताची, त्यामुळे वहिनीनं इथंच राहायचं. दुसरं उत्तर गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं. जिल्ह्यात गुरांना टोचायची लस बर्फात ठेवून खेडोपाडी पोचवायला त्यांना माणूस हवा होता. घोडेगावच्या गुरांच्या बाजाराच्या दिवशी तिथं, एरवी पारनेरच्या माळावरच्या वाड्या-वस्त्यांवर. बर्फ वितळायच्या आत पोचलं पाहिजे. डॉक्टर म्हणाले होते, "स्वतःची फटफटी आणा, चालवून दाखवा, काम तुमचं."

म्हणून दादानं भिंगारच्या लष्करी लिलावातून एक मोडकी फटफटी उचलली. ती बैलगाडीतून आमच्या दारी आली, पुढचं चाक वेगळं, बाकीची पोत्यात. वडील ओट्यावर येऊन उभे राहिले.

"ही गाडी आहे की गाडीच्या अस्थी?"

"जुळेल, बाबा."

"गाडी जुळेल," वडील म्हणाले आणि आत गेले. पाय जुळेल का, हे त्यांनी विचारलं नाही. ते आम्हां सगळ्यांना ऐकू आलं.

साहेबानं टाकून दिलेलं यंत्र घरात आणलं म्हणून मी एक छोटंसं भाषण केलं. दादा पोत्यातून पिस्टन काढत म्हणाला, "साहेबाचीच गाडी गुरांच्या सेवेला लावतोय. तुझ्या पुढच्या पत्रकात छाप. आणि ती परात दे इकडं." मी परात दिली. भांडण असं मिटलं.

पडवी कारखाना झाली. रॉकेल रेशनवर मिळे. त्यातलं निम्मं परातीत जाई आणि रात्री आम्ही एकाच दिव्यात भागवू. दादा पुर्जे धुई, वहिनी ते जुन्या धोतरावर मांडी. कुठला कुणाशेजारून निघाला, त्याच क्रमानं. दादानं एकदा मुद्दाम दोन वायसर इकडचे तिकडे करून पाहिले. वहिनीनं एक शब्द न बोलता ते परत जागेवर ठेवले. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "मुकादम कडक आहे म्हणून सांग." वहिनी पदरात हसली.

इंजिन आधी झालं. मग गिअरबॉक्स. आणि मग खरी गोष्ट, पाय. त्या गाडीचे गिअर उजव्या पायानं टाकायचे. पहिल्या गिअरला दांडी पावलानं वर उचलायची, पुढच्या गिअरांना खाली दाबायची. दाबणं दादाला जमे. उचलणं मुळीच नाही. हा पेच माळीवाड्याच्या वेशीबाहेरच्या लोहारानं सोडवला. तो पडवीत आला, दादाचा पाय मांडीवर घेऊन त्यानं नालबंदी करायच्या बैलाचा बघावा तसा बघितला.

"पाऊल वर उचलत न्हाई ना? मग उचलायचं कशाला? टाच हाय की लई दणकट. दांडीला मागनं एक पट्टी जोडून देतो. टाचंनं मागं दाबलं की फुडचं टोक आपसूक वर. जात्याचा खुंटा न्हाई का, तसलंच."

"जात्याचा खुंटा कुठं वर-खाली होतो हो?" मी म्हटलं.

"ताई, तुमी शिकलेल्या. उदाहरण चुकलं आसंल, पट्टी न्हाई चुकनार." आणि परातीकडे बघून वहिनीला म्हणाला, "ही म्हस लई राकेल पिती बगा. दूध देईल तवा खरं."

पट्टी बसली. आता गिअर पडतात का ते बघायचं. गाडी अजून रस्त्यावर न्यायची नव्हती. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली साखळी घालायच्या आधीच, गाडी स्टँडवर उभी करून, हे तपासायचं असतं. मागचं चाक अधांतरी. ते कुणीतरी हातानं सारखं, एका लयीत फिरवायचं, कारण गिअरबॉक्सच्या आत एका चाकाचे उंचवटे दुसऱ्या चाकाच्या खाचांत जाऊन बसावे लागतात, आणि फिरता फिरताच ते समोरासमोर येतात. फिरतं असलं की दांडी अलगद जागेवर जाते. फिरणं थांबलं की उंचवट्यावर उंचवटा येतो आणि दांडी अर्ध्यातच अडते. हे दादानं आम्हांला पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

कामं वाटून दिली. दादा गाडीवर बसून, समोर बघत, पायानं गिअर टाकणार. रस्त्यावर खाली बघून चालत नाही म्हणून तो इथंही बघेना. वहिनी मागं जमिनीवर बसून चाक फिरवणार. तिचा हात जात्यावर तयार झालेला. न अडखळता, न घाई करता फिरे. आणि मी डाव्या बाजूला क्लचच्या डब्याशी. गिअर पडला की तो डबा चाकाबरोबर जोरात फिरू लागतो. नाही पडला तर थांबलेला. दादाच्या पायाला काही जाणवत नसे, म्हणून मी बघून सांगायचं. "पडला" किंवा "नाही पडला."

पहिल्या दुपारी वडील वाचनालयात गेले होते. टाच दाबली, खट्. "पडला!" मी ओरडले. दुसरा. "पडला!" तिसरा, चौथा, परत खाली पहिल्यापर्यंत. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून वहिनी मागून सरळ त्याच्याशीच बोलत होती, "आता हलकं झालं... आता जड झालं, पहिला असणार." दादा नुसता "हं, हं" करत होता, पण त्याच्या मानेवर घाम आणि कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. कित्येक महिन्यांत मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता.

तेवढ्यात वडील आले. माझं ओरडणं त्यांना बोळातच ऐकू आलं असावं, कारण खडावा भराभर वाजत आल्या. "पडतोय? बघू, बघू." दादानं दांडी दाबली. मी वडिलांकडे वळले होते ती पुन्हा डब्याकडे वळले. डबा स्तब्ध.

"नाही पडला," मी म्हणाले. खोटं कसं सांगणार?

पुन्हा दाबली. नाही. वडील "असू दे, असू दे" म्हणत आत गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. सकाळभर गिअर लोण्यासारखे पडत होते. वडिलांना आत राहवेना. खडावा वाजल्या आणि तिसरा अडला. त्यानंतर एकदा दुसरा अडला. दादानं गिअरबॉक्स पुन्हा खोलला. खुणेचे ठिपके जुळवून पाहिले, आतली चाकं सरकवणारे काटे पाहिले, सगळं जागच्या जागी. बंद केला. वडील बाहेर आले आणि चौथा अडला.

दादा गाडीवरून उतरून पायरीवर बसला. "दोष गिअरबॉक्समध्ये असता तर एका जागी राहिला असता," तो म्हणाला. "कधी दुसरा, कधी तिसरा. जागा बदलतोय. म्हणजे तो माझ्या पायात आहे. बाबा बघायला लागले की पाय कच खातो."

त्या संध्याकाळी वडील मला हळूच म्हणाले, "मी बाहेर येत नाही आता. माझीच नजर लागते पोराला." सगळा जन्म कचेरीत काढलेला, कुणी अंगारा दिला तर पुडी न उघडता खिडकीत ठेवणारा माणूस! मी उसळले. "बाबा, नजर-बिजर काही नसतं. लोखंडाला डोळे दिसत नाहीत." ते म्हणाले, "तू म्हणतेस ते छापायला ठीक आहे गं. पण मी गेलो की पडतो आणि आलो की अडतो, हे तूच बघून सांगतेस ना?" मी तेच पुन्हा जास्त मोठ्यानं बोलले एवढंच.

शेवटी त्यांनी ठरवलं. रविवारी सकाळी ते एकदा स्वस्थपणे बघतील. पडले गिअर तर ठीक. नाहीतर मामांना होकार कळवायचा. हे ते रागानं म्हणाले नाहीत. पोरगं रस्त्यात पडून मरण्यापेक्षा गादीवर बसलेलं बरं, असं म्हणाले. दादानं मान डोलावली. वहिनी दाराआड उभी होती. इंदूर म्हणजे तिच्यासाठी पुन्हा तीच, ओट्यावर मोठ्यानं वाचलेली पत्रं.

रविवारी सकाळी ती चुलीशी हाताचं काळं तेल राखेनं काढत होती. मला म्हणाली, "वन्सं, मामंजी आले की मी काय करते हो?"

"काय करता? काही नाही. उठता."

"आणि उठले की चाक?"

खडावा वाजल्या की वहिनी उठे. पदर सावरून भिंतीशी उभी राही. सगळ्या घरांतल्या सगळ्या सुना उठत, तशी. चाक सुटे, घरघरत थांबे; त्यात दादा दांडी दाबे आणि मी थांबलेल्या डब्याकडे बघून "नाही पडला" म्हणे. दादा समोर बघत असे. वडील दादाच्या पायाकडे. मी वडिलांकडे. सून उठणं हे आमच्या घरात इतकं नेहमीचं होतं, की ते कुणाला दिसतच नव्हतं. जी उठत होती तिलाच ते दिसलं.

"मग उठू नका!" मी म्हणाले. "मी सांगते बाबांना. आत्ता जाऊन सांगते. ही काय गुलामी आहे का?"

तिनं माझं मनगट ओल्या, राखेच्या हातानं धरलं. "नका सांगू. तुम्ही सांगितलंत की त्याचं भाषण होईल. मामंजींना वाटेल, सुनेनं बोलायला लावलं. आणि ह्यांना वाटेल, मी मामंजींची चूक त्यांच्या तोंडावर काढली."

"मग दादाला तरी सांगा."

"ह्यांना सांगितलं तर हे म्हणतील, तू ऊठ, मामंजींचा मान राहू दे, वन्सं चाक धरतील. आणि तुमचा हात..." माझा हात चाकावर कसा पडतो हे एकदा पाहून झालं होतं. मी फिरवलं की गाडी स्टँडवरून उडते की काय असं दादाला वाटे.

"मग काय करणार तुम्ही?"

"बघू," ती म्हणाली.

आम्ही आपापल्या जागी बसलो. दादानं न बघता विचारलं, "तयार?" वहिनीनं चाकाला गती दिली. पहिला पडला. मग आतून खडावा वाजल्या.

ह्या खेपेला मी डब्याकडे बघितलं नाही. मी वहिनीकडे बघत होते. तिचे गुडघे जमिनीवरून उचलले गेले. पाठ वर आली. पदराकडे एक हात निघालासुद्धा. सवय म्हणजे काय चीज असते हे मला त्या क्षणी कळलं. कुठल्याही पत्रकानं ते मला असं दाखवलं नव्हतं. मग तो हात अर्ध्यातून परतला आणि आऱ्यांवर पडला. गुडघे खाली आले. तिनं मान खाली घातली, इतकी की कपाळ टायरला लागेल, आणि ती फिरवत राहिली. तिच्या बांगड्या वाजत होत्या. दोन्ही कान लाल.

वडील तिच्या पाठीशी येऊन थांबले होते.

दादानं दांडी दाबली. खट्. मी अजून वहिनीकडेच बघत होते. "काय झालं?" दादा समोर बघतच म्हणाला. "पडला का?"

"पडला," मी डब्याकडे वळून म्हणाले.

तिसरा. "पडला." चौथा. "पडला." टाच मागं दाबत परत खाली. तिसरा, दुसरा, पहिला. सगळे. दादाचे खांदे हळूहळू सैल होत गेले. तो मागं वळणार होता, पण वळला नाही. बाबा मागं आहेत हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचे डोळे भरले होते.

वडील अजून उभेच. मग म्हणाले, "सूनबाई."

वहिनी दचकली. आता मात्र ती उठायला लागली.

"अहं, अहं. हात सोडू नकोस. चाक थांबेल."

त्यांना कळलं होतं. केव्हा कळलं, तिचे गुडघे खाली टेकताना की गिअर पडताना, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनी खडावा काढून बाजूला ठेवल्या, गुडघे कुरकुरत असताना तिच्याशेजारी जमिनीवर, रॉकेलच्या डागांत, उकिडवे बसले. पांढरं धुतलेलं धोतर होतं अंगावर. फिरत्या चाकाकडे थोडा वेळ बघत राहिले.

"परत एकदा दुसरा टाकायला सांग त्याला," ते म्हणाले.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं होतं. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला नाही. तिला सांगतोय."

वहिनीनं चाकावरचा हात न थांबवता मान वर केली.

"अहो," ती म्हणाली. "दुसरा."

दादा खो-खो हसत सुटला, रडता रडता. त्यानं दांडी दाबली. मी डब्याकडे बघितलंच नाही. वहिनीनंच सांगितलं, "पडला."

दादा इंदुरास गेला नाही. पुढं साखळी चढली, इंजिन सुरू झालं, आळीतली कोंबडी उडाली आणि लोहार पट्टी बघायला येऊन "म्हस दूध द्याया लागली" असं म्हणून गेला. पारनेरकडच्या वस्त्यांवर दादाची वाट बघणारे लोक झाले. हे सगळं झालं, पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. त्यानंतर वडील आतल्या खोलीतून निघायच्या आधीच बोलत येत. "बस गं, बस. मी पाणी प्यायला येतोय." कधी कुणी पाहुणे असले तरीही. पाहुण्यांना ते विचित्र वाटे. एकानं विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "तिच्या हातात काम असतं," आणि सुपारी कातरत राहिले.

मी अजून पत्रकं लिहिते. मोठ्या अक्षरांत लिहिते, शेवटी मागण्या मांडते. आज माझी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे, आणि छोटी आहे. आज घरी जाल तेव्हा तुमच्या पावलांच्या आवाजानं कोण उठतं आणि उठताना त्या हातातून काय सुटतं, ते बघा. ते सुटायच्या आधी "बस" म्हणा. उंबऱ्याबाहेरूनच म्हणा. आणि जमलं तर चपला बाजूला ठेवून तुम्हीही तिच्याशेजारी खाली बसा.